कर्तव्य संपतं तिथून पुढे
रूथच्या पुस्तकावर सावकाश मनन

रूथचं पुस्तक अवघ्या 4 अध्यायांचं, 85 वचनांचं. मोठ्याने वाचलं तरी अर्ध्या तासाच्या आत संपतं. या मननासाठी मात्र त्याला सवड द्या. चार दिवस रोज एक अध्याय घ्या, नाहीतर एकाच संध्याकाळी चारदा थांबा. बायबल जवळ उघडं असू द्या. आधी अध्याय वाचा, मग इथला भाग वाचा, आणि शेवटच्या प्रश्नांपाशी काही वेळ गप्प बसा. उत्तर सुचलंच पाहिजे असं नाही. प्रश्न दिवसभर सोबत राहिला तरी पुरे.

या गोष्टीत समुद्र दुभंगत नाही, देवदूत येत नाही, कुणाला स्वप्नात दर्शन होत नाही. परमेश्वराने काही केलं असं कथाकार थेट दोनदाच सांगतो. सुरुवातीला देव आपल्या लोकांना अन्न देतो आणि शेवटी रूथची कूस उजवतो. मधल्या सगळ्या भागात माणसं एकमेकांशी कशी वागतात तेवढंच दिसत राहतं. म्हणून वाचताना एका गोष्टीवर लक्ष ठेवा: इथे कोण किती देणं लागत होतं, आणि त्याने किती दिलं?

पहिला थांबा: मवाबाहून येणारी वाट
(अध्याय 1 वाचा)

काळ शास्त्यांचा. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. अलीमलेख बायको नामी आणि महलोन व खिल्योन या दोन मुलांना घेऊन मृत समुद्राच्या पूर्वेकडच्या मवाबाच्या पठारावर पोट भरायला जातो. मवाब हा इस्राएलाचा जुना वैरी. मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही, असं अनुवादाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथेच अलीमलेख मरतो. मुलं मवाबी मुलींशी लग्न करतात. दहाएक वर्षं जातात आणि तीही मरतात. हे सगळं पहिल्या पाच वचनांत उरकतं आणि मागे तीन विधवा राहतात: नामी, अर्पा आणि रूथ.

मराठी वाचकाने इथे पंडिता रमाबाईंची आठवण ठेवावी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. 1922 साली त्या वारल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं होतं. दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आईवडील गमावले होते. ऐन तारुण्यात त्यांना वैधव्य आलं होतं. पुढे 1896 नंतरच्या दुष्काळांत उपाशी विधवांना आणि मुलींना त्यांनी केडगावला आणून आसरा दिला. रूथच्या पुस्तकातली ही पहिली पाच वचनं मराठीत लिहिणाऱ्या बाईने त्यातलं प्रत्येक दुःख जवळून पाहिलेलं होतं. आपणही ती घाईने ओलांडू नयेत.

आता वाटेवर या. मायदेशी पुन्हा अन्न मिळू लागल्याचं ऐकून नामी निघाली आहे आणि दोन्ही सुना बरोबर आहेत. थोडं चालल्यावर ती थांबते आणि सांगते, मुलींनो, आपापल्या आईच्या घरी परत जा. तिची परिस्थिती डोळ्यांपुढे आणा. वय झालेलं, हात रिकामे, पदरी मूल नाही. आधार म्हणावा तर या दोन तरुण सुना. तोच आधार ती आपल्या हाताने सोडते आहे. तुम्ही माझ्या घरच्या, तुमची जागा माझ्यापाशी, असं ती म्हणत नाही. आजवर काय केलं याचा हिशेब काढत नाही. उलट आशीर्वाद देते, की गेलेल्यांशी आणि माझ्याशी तुम्ही जितक्या मायेने वागलात तितक्याच मायेने परमेश्वर तुमच्याशी वागो, आणि तुम्हाला पुन्हा नवऱ्याचं घर मिळो. ज्या आईने नुकतीच आपली मुलं मातीआड केली, ती त्यांच्या बायकांना दुसरा संसार मिळावा म्हणून देवाला विनवते आहे. या वचनावर थोडं रेंगाळा. गोष्टीतलं पहिलं मोठं प्रेम सुनेचं नाही. ते सासूचं आहे आणि ते मोकळं करणारं आहे.

अर्पा रडते, सासूचा मुका घेते आणि माघारी फिरते. तिच्याबद्दल कथाकार एकही कडवा शब्द लिहीत नाही. तिने सासूचं ऐकलं, रीतीला धरून केलं. रूथला मोठं करण्यासाठी अर्पाला लहान करण्याची सवय आपल्याला लागली असेल तर ती इथेच सोडून देऊ. परतीची वाट खरोखर मोकळी होती याचा पुरावा म्हणजे अर्पा. वाट मोकळी होती म्हणूनच रूथच्या राहण्याला मोल आलं.

आता रूथचे शब्द दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने. नामीची वाट, तिचा मुक्काम, तिची माणसं, तिचा देव, शेवटी तिच्या मरणाची जागासुद्धा ती आपली म्हणते. बदल्यात काहीच मागत नाही. मला आता मुलगे होणार नाहीत, माझ्याकडून तुम्हाला काही मिळायचं नाही, असं नामीने आधीच बजावलेलं आहे. मेलेल्या नवऱ्याच्या आईचं रूथ काही देणं लागत नव्हती. तिचं कर्तव्य त्या वाटेवर संपलं होतं, आणि ते संपल्यावर ती पुढे चालली.

यावर नामी काय म्हणते? काहीच नाही. ती बोलणं थांबवते आणि दोघी चालू लागतात. मवाबाच्या पठारावरून खोल दरीत उतरायचं, मग यहूदाच्या डोंगरांची चढण. कित्येक दिवसांची पायपीट, पण तिचं वर्णन नाही. बेथलेहेमात पोचताच गावातल्या बायका गोळा होतात आणि नामी त्यांना सांगते, मी भरल्या घराने गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. त्या वेळी रूथ तिच्या शेजारी उभी आहे. जिने तिच्यासाठी देश सोडला ती त्या हिशेबात कुठेच नाही.

रूथ काही बोलत नाही. नामीलाही कुणी टोकत नाही. चार लोकांत तिने देवावर ठपका ठेवला, तरी तिला ना देवाने दटावलं ना गावाने. दुःख फार झालं की माणसाला अंगाशी उभं असलेलं माणूसही दिसेनासं होतं. शास्त्र हे समजून घेतं. अध्यायाच्या शेवटी कथाकार एवढंच नोंदवतो, की नामीबरोबर तिची मवाबी सून रूथ होती आणि सातूचा हंगाम नुकताच सुरू झाला होता.

थांबा. स्वतःला विचारा:
माझ्या प्रेमाखाली कुणी अडकून पडलं आहे का? त्याला जायची मोकळीक मी मनापासून देऊ शकेन का?
माझ्या दुःखाच्या दिवसांत कोण शेजारी उभं होतं, आणि मी कुणाला मोजलंच नाही?

दुसरा थांबा: बवाजाचं शेत
(अध्याय 2 वाचा)

इस्राएलाच्या नियमशास्त्रात गरिबांसाठी एक तरतूद होती. कापणी करताना शेताच्या कडा पुरत्या कापायच्या नाहीत, गळून पडलेलं मागे फिरून उचलायचं नाही, विसरलेली पेंढी आणायला परत जायचं नाही. ते परक्यांचं, अनाथांचं आणि विधवांचं. गावात नवी, विधवा आणि परकी असलेली रूथ सासूची परवानगी घेऊन सरवा वेचायला निघते. ज्या शेतात ती जाते ते योगायोगाने अलीमलेखाच्या कुळातल्या बवाजाचं असतं.

सरवा वेचण्याचं काम ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला ते किती शिणवणारं असतं हे ठाऊक आहे. कापणाऱ्यांच्या मागून दिवसभर वाकून चालायचं आणि एकेक कणीस उचलायचं. शिवाय ती एकटी, तरुण, परमुलखातली. मुकादम बवाजाला सांगतो, ही नामीबरोबर आलेली मवाबी मुलगी, सकाळपासून राबते आहे.

नियमाप्रमाणे बवाजाने तिला सरवा वेचू दिला असता, हाकललं नसतं, तरी त्याचं कर्तव्य पुरं झालं असतं. तो कुठे कुठे पुढे जातो ते एकेक करून पाहा. दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्या कामकरणींबरोबर राहा, असं सांगतो. गड्यांना ताकीद देतो, की हिला कुणी हात लावायचा नाही. तहान लागली तर गड्यांनी भरून ठेवलेलं पाणी घे म्हणतो. एवढं का करता, असं तिने विचारल्यावर तो म्हणतो, सासूसाठी तू काय केलंस ते सगळं माझ्या कानावर आलं आहे. ज्या गावात नामीने तिला मोजलं नव्हतं त्याच गावात कुणीतरी ते पाहिलं होतं.

जेवणाची वेळ होते. बवाज तिला जवळ बसवून घेतो, भाकर आंबेत बुडवून खायला सांगतो आणि भाजलेले दाणे आपल्या हाताने तिच्यापुढे करतो. ती पोटभर खाते आणि काही दाणे उरतात. हे उरलेले दाणे नजरेआड होऊ देऊ नका.

ती पुन्हा कामाला लागते तेव्हा बवाज गड्यांना हळूच सांगतो, हिला पेंढ्यांमध्येसुद्धा वेचू द्या, तिला लाजवू नका, आणि मुठीतली काही कणसं मुद्दाम गाळत चला. हे दान घेणारीला कळू न देता दिलेलं आहे. संध्याकाळी रूथच्या हाती जे लागलं ते तिला तिच्या कष्टाचंच वाटलं असेल, आणि कष्ट तिचे होतेच. आपण एखाद्याला मदत करतो तेव्हा तिच्यातून आपलं नाव इतकं पुसून टाकता येतं का, हा प्रश्न बवाजाच्या त्या दबक्या आज्ञेपाशी मनात येतो.

संध्याकाळी ती वेचलेला सातू काठीने झोडते आणि एफाभर धान्य निघतं, आजच्या मापाने साधारण वीस-बावीस लिटर. ते डोक्यावर घेऊन ती घरी येते. आणि मग ती दुपारचे उरलेले दाणेही काढते आणि नामीच्या हातावर ठेवते. दिवसभर उन्हात राबलेल्या भुकेल्या बाईला कितीतरी दिवसांनी कुणीतरी सन्मानाने जेवू घातलं, आणि त्या जेवणातही तिला घरी बसलेली सासू आठवली. पहिल्या अध्यायातली शपथ मोठी होती. ती खरी होती हे या मूठभर दाण्यांनी कळतं.

बेथलेहेमात परतल्यापासून त्या रात्री नामीच्या तोंडून पहिल्यांदा देवाचं नाव कडवटपणाशिवाय येतं. जिवंतांवर आणि मेलेल्यांवर दया करायचं ज्याने सोडलं नाही, त्याचं नाव घेऊन ती बवाजाला आशीर्वाद देते, आणि हा आपल्या जवळच्या नात्यातला, आपलं वतन सोडवू शकणारा माणूस आहे, असं रूथला सांगते. कुणी उपदेश केला नाही, कुणी समजूत घातली नाही. धान्य घरात आलं आणि देवाशी तुटलेलं तिचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

थांबा. विचारा:
मी दिलेला कुठला मोठा शब्द आज मूठभर दाण्यांएवढ्या कृतीची वाट पाहतो आहे?
मी कुणाला मदत करतो, त्याची मान खाली जाऊ न देता करतो का?

तिसरा थांबा: खळं
(अध्याय 3 वाचा)

सातूचा आणि मग गव्हाचा हंगाम सरतो. मला रिकामी आणलं म्हणणारी नामी आता वेगळंच बोलते: पोरी, तुला हक्काचं घर मिळवून देणं माझं काम नाही का? स्वतःच्या दुःखात बुडालेल्या बाईला आता दुसरीच्या भविष्याची चिंता लागली आहे. तिचं मन जागेवर आल्याची याहून मोठी खूण नाही.

तिचा बेत धाडसाचा आहे. रूथने न्हाऊन, अत्तर लावून, चांगलं वस्त्र पांघरून रात्री खळ्यावर जायचं, बवाज झोपल्यावर त्याच्या पायांवरचं पांघरूण बाजूला करून तिथे निजायचं, आणि पुढे काय करायचं ते तो सांगेल. यात रूथच्या अब्रूचा धोका होता आणि तो दोघींनाही कळत होता. रूथ जाते. मध्यरात्री बवाज दचकून जागा होतो आणि अंधारात विचारतो, तू कोण?

इथे रूथचं उत्तर नीट वाचा. तो काय करायचं ते सांगेल, असं नामीने सांगितलं होतं. रूथ थांबत नाही. काय करायचं ते तीच बवाजाला सांगते. तुझ्या पांघरुणाखाली मला घे, कारण तू आमचं वतन सोडवणारा आहेस. नामीला फक्त रूथसाठी घर हवं होतं. रूथ त्या मागणीत अलीमलेखाच्या घराची जबाबदारी जोडते. स्वतःचा संसार मांडतानाही ती सासूला मागे सोडत नाही. म्हणूनच बवाज म्हणतो, की तुझं हे नंतरचं प्रेम पहिल्यापेक्षाही थोर आहे. श्रीमंत वा गरीब, तरुण नवऱ्याच्या मागे ती गेली असती तर कुणी नावं ठेवली नसती.

आणि बवाजाकडे पाहा. अंधार आहे, साक्षीला कुणी नाही, समोर एक निराधार स्त्री आहे. तो तिला भिऊ नकोस म्हणतो. एक आणखी जवळचा नातलग आहे, आधी त्याला विचारायला हवं, हेही तो लपवत नाही. उजाडायच्या आत, ओळख पटणार नाही अशा वेळी, तो तिला निरोप देतो आणि सासूकडे मोकळ्या हाताने जाऊ नकोस म्हणून तिच्या ओढणीत सहा मापं सातू घालतो. माणसाची खरी परीक्षा कुणी बघत नसताना होते. त्या रात्री खळ्यावर दोघंही त्या परीक्षेत उतरले.

थांबा. विचारा:
माझ्या सुखाचा बेत आखताना मी कुणाला सोबत घेतलं, आणि कुणाला सोयीने विसरलो?
माझ्या हाती कुणाची अगतिकता आली, तेव्हा मी कसा वागलो?

चौथा थांबा: गावाची वेस
(अध्याय 4 वाचा)

सकाळी बवाज वेशीत जाऊन बसतो. गावाचा न्यायनिवाडा, जमिनीचा व्यवहार, सगळं तिथेच होत असे. तो दहा वडीलधाऱ्यांना बसवतो आणि त्या जवळच्या नातलगाला बोलावतो. जमीन सोडवायला नातलग लगेच तयार होतो. पण जमिनीबरोबर रूथचीही जबाबदारी घ्यावी लागेल, आणि मेलेल्याचं नाव त्याच्या वतनावर चालवावं लागेल, हे कळताच तो मागे सरतो. माझ्या स्वतःच्या वतनाचं नुकसान होईल, असं तो म्हणतो. रीतीप्रमाणे पायातलं पायताण काढून देतो आणि हक्क बवाजाकडे जातो.

या नातलगाचं नाव कथाकाराने ठेवलेलं नाही. त्याच्यावर दोषारोपही केलेला नाही. अर्पासारखंच त्यानेही शहाणपणाचं केलं. पहिल्या अध्यायात अर्पा आणि रूथ, इथे हा नातलग आणि बवाज. दोन्ही जोड्यांत एकाने वाजवी तेवढं केलं आणि दुसऱ्याने त्याहून जास्त. दोन्ही माणसं आपल्या घरात असतात, बहुधा आपल्यातच असतात. वाजवी वागणारे नसतील तर जग चालणार नाही. पण ज्यांचं घर मोडून पडलं आहे त्यांचं घर मात्र वाजवीपलीकडे जाणाऱ्यांमुळेच पुन्हा उभं राहतं.

रूथला मुलगा होतो, ओबेद. आता पहिल्या अध्यायातल्या त्याच बायका पुन्हा नामीभोवती जमतात. तेव्हा नामीला जे दिसलं नव्हतं ते त्या तिला दाखवतात: तुझी ही सून तुझ्यावर प्रेम करते आणि सात मुलांपेक्षा ती तुला जास्त आहे. ज्या समाजात मुलगा म्हणजे सर्वस्व, तिथे वेशीबाहेरून आलेल्या एका सुनेला सात मुलग्यांहून वर बसवलं आहे. नामी बाळाला उराशी धरते आणि शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला.

या सबंध अध्यायात रूथ एक शब्दही बोलत नाही. तिच्याबद्दल इतर बोलतात. त्यानंतर वंशावळ येते. ओबेदापासून इशाय, इशायापासून दावीद. मंडळीत जागा नसलेल्या मवाबाची ही मुलगी इस्राएलाच्या सर्वांत लाडक्या राजाची पणजी झाली. मत्तयाने शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ देताना तिचं नाव आवर्जून घेतलं. खळ्यावरच्या त्या रात्री यातलं काहीही दोघांना ठाऊक नव्हतं. त्यांना समोरचं माणूस तेवढं दिसत होतं. देवाचं काम त्यांच्या वागण्यातूनच होत होतं.

यहुदी लोक हे पुस्तक हंगामाच्या, सप्ताहांच्या सणाला वाचतात. ख्रिस्ती बायबलात ते शास्त्यांच्या पुस्तकानंतर येतं. त्या पुस्तकाच्या शेवटी आपसातलं युद्ध आहे, मुलींना पळवून नेणं आहे, आणि जो तो आपल्या मनाला येईल तसं वागतो आहे. त्याच काळात, त्याच देशात, एका लहान गावात तीन माणसं अशीही वागत होती. काळ वाईट आहे म्हणून घरही वाईट असलंच पाहिजे असं नाही, हे या पुस्तकाच्या नुसत्या जागेवरूनही कळतं.

थांबा. विचारा:
माझ्या घरात कुणाचं प्रेम मला शेजाऱ्यांनी दाखवून द्यावं लागेल?

घरी नेताना

ही गोष्ट आपल्याकडे सुनांना पुष्कळदा ऐकवली जाते. रूथसारखी हो, असं सांगितलं जातं. असं सांगणाऱ्याने पहिला अध्याय पुन्हा वाचावा. रूथकडे निष्ठा कुणी मागितली नाही. आधी सासूने वाट मोकळी करून दिली. मग सुनेने आपणहून ती सोडली. मागून घेतलेली निष्ठा म्हणजे ओझं, आणि ज्या घरात राहणं म्हणजे मार खाणं किंवा रोज अपमान गिळणं असेल, तिथून बाहेर पडणाऱ्या मुलीला रूथचं नाव घेऊन कुणी अडवू नये. तिला आईच्या घरी सुखाने जा म्हणणं, हेही याच पुस्तकातलं प्रेम आहे.

बाकी सगळ्यांसाठी या आठवड्यात एवढंच: आपलं देणं नेमकं कुठे संपतं ते ओळखा, आणि तिथून एक पाऊल पुढे टाका. आजारी सासऱ्यांच्या खोलीत थोडा जास्त वेळ बसा. भांडण मिटलेल्या भावाला आपण आधी फोन करा. घरकाम करणाऱ्या बाईला लाजवणार नाही अशी मदत करा. फार मोठं काही नको.

शेवटी ही प्रार्थना करा:

प्रभू, आमच्या माणसांना मोकळं सोडण्याचं बळ आम्हाला दे, आणि आम्ही मोकळे असताना राहण्याचंही. वाजवी तेवढं करून थांबायचा मोह झाला की बवाजाचं शेत आम्हाला आठवू दे. दुःखात आम्ही तुझ्यावर रागावलो तर नामीला सांभाळलंस तसंच आम्हाला सांभाळ. आणि ज्यांनी आमच्यासाठी देणं नसताना दिलं, त्यांना आम्ही आजच, त्यांच्या समोर, त्यांचं नाव घेऊन ते सांगू, एवढं धैर्य आम्हाला दे. आमेन.